पाणबुड्यांचा खर्च आणि लोकमताची भाषा : ऑस्ट्रेलियातील एका वादाची चिकित्सा

शस्त्रास्त्रांवरील खर्च आणि त्याविषयीचे लोकमत हा विषय सामान्यतः राज्यशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे त्यात काही आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः लोकमत म्हणून जे पुढे येते ते शब्दांच्या द्वाराच येते : वर्तमानपत्राच्या मथळ्यात, सभेच्या ठरावात, किंवा चाचणी घेणाऱ्याने आधीच घडवून ठेवलेल्या प्रश्नात. लोकांनी काय मानले हे ठरविण्यापूर्वी, मानण्याजोगी कोणती वाक्ये त्यांच्यापुढे ठेवली गेली होती हे पाहावयास हवे. ऑस्ट्रेलियात २०२१ पासून पाणबुड्यांवरून चाललेला वाद ह्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. त्या वादात खर्चाचा आकडा इतका मोठा झाला की ह्या नौका कोणत्या युद्धात आणि कोणाच्या निर्णयाने जावयाच्या, हा मूळ प्रश्न त्याच्या आड गेला. हे केवळ कोणाच्या लबाडीने घडले असे म्हणता येत नाही. दोन्ही पक्षांनी जी भाषा स्वीकारली तिच्यात तो प्रश्न विचारण्यास जागाच फार थोडी होती.

घटनाक्रम थोडक्यात असा. ऑस्ट्रेलियाच्या आरमाराकडे ‘कॉलिन्स’ वर्गाच्या सहा पाणबुड्या असून त्या १९९६ ते २००३ ह्या काळात सेवेत दाखल झाल्या. त्यांच्या जागी डिझेल-विद्युत शक्तीवर चालणाऱ्या बारा नव्या पाणबुड्या बांधण्यासाठी २०१६ मध्ये डीसीएनएस (पुढे नेव्हल ग्रुप) ह्या फ्रेंच कंपनीची निवड झाली. १६ सप्टेंबर २०२१ रोजी तो बेत रद्द करून पंतप्रधान स्कॉट मॉरिसन ह्यांनी अमेरिका व ब्रिटन ह्यांच्यासमवेत ‘ऑकस’ ह्या त्रिराष्ट्रीय व्यवस्थेची घोषणा केली आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या घेण्याचा निश्चय जाहीर केला. फ्रान्सने वॉशिंग्टन व कॅनबेरा येथील आपले राजदूत परत बोलावले. विरोधी बाकांवरील मजूर पक्षाने मात्र त्याच दिवशी पाठिंबा दिला. मे २०२२ मध्ये तोच पक्ष सत्तेवर आला, आणि १३ मार्च २०२३ रोजी सान डिएगो येथील नाविक तळावर अँथनी अल्बनीज, जो बायडन व ऋषी सुनक ह्यांनी योजनेचा तपशील प्रसिद्ध केला. २०२७ पासून अमेरिकन व ब्रिटिश पाणबुड्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्टर्लिंग तळावर पाळीपाळीने राहावयाचे. पुढील दशकाच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेने ‘व्हर्जिनिया’ वर्गाच्या तीन, आणि गरज पडल्यास आणखी दोन, पाणबुड्या विकावयाच्या. त्यानंतर ब्रिटिश आराखड्यावर आधारलेल्या नौका ॲडलेडजवळ ऑस्बोर्न येथे बांधावयाच्या व त्यांपैकी पहिली २०४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाण्यात जावयाची. खर्चाचा अंदाज २६८ ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर.

दोन्ही मोठे पक्ष एकाच बाजूस असल्यामुळे संसदेत खरा सामना झाला नाही. ह्याचा परिणाम असा झाला की लोकमताला वाट काढावी लागली ती वृत्तपत्रांतून, कामगार संघटनांच्या सभांतून, निवृत्त मुत्सद्द्यांच्या भाषणांतून आणि जनमतचाचण्यांच्या रकान्यांतून. संसदेबाहेरील लोकमताचे एक वैशिष्ट्य असते. त्याला कोणी उत्तर देण्यास बांधलेला नसतो, आणि म्हणून त्यातील शब्द तपासून घेण्याची सक्तीही कोणावर नसते.

प्रथम आकड्याचा विचार करू. ‘३६८ अब्ज’ हा शब्दप्रयोग मार्च २०२३ नंतर ह्या योजनेचे जणू दुसरे नावच होऊन बसला. मूळ अंदाज दोन टोकांचा होता, परंतु चर्चेत राहिले ते वरचे टोक. ह्या दोन टोकांमधील अंतर १०० अब्जांचे आहे, आणि मोडलेल्या फ्रेंच योजनेचा संपूर्ण खर्च शेवटी सुमारे ९० अब्ज सांगितला जात होता. म्हणजे नव्या योजनेतील नुसती अनिश्चितताच जुन्या योजनेच्या किमतीहून मोठी होती. हे पुरेसे आश्चर्यकारक होते. परंतु त्यावर चर्चा थोडी झाली, कारण अनिश्चितता मथळ्यात बसत नाही.

फ्रेंच योजनेच्या बाबतीतही आकड्यांनी असाच भ्रम निर्माण केला होता. २०१६ मध्ये सांगितलेले ५० अब्ज हे त्या वर्षीच्या स्थिर किमतींतले होते. पुढे पुढे आलेला ९० अब्जांचा आकडा भावी वर्षांतील भाववाढ धरून काढलेला होता. दोन निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या ह्या राशी वृत्तपत्रांतून एकापुढे एक ठेवल्या गेल्या आणि खर्च जवळजवळ दुप्पट ‘फुगला’ असे वाक्य रूढ झाले. खर्च वाढला नव्हता असे नाही. परंतु त्या वाक्यातील क्रियापदाने जेवढी वाढ सुचविली तेवढी ती नव्हती. मापाचा उल्लेख वाक्यातून गळला की आकडा हा विशेषणासारखा वागू लागतो. तो परिमाण सांगत नाही, भाव सांगतो.

सरकारपक्षाने ह्यावर जो उपाय केला तो त्याच जातीचा होता. संपूर्ण काळाची सरासरी काढल्यास हा खर्च स्थूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१५ टक्के एवढाच आहे, असे सांगण्यात आले. हेही खरे आहे. सुमारे २ कोटी ६० लाख लोकसंख्येवर वाटल्यास ३६८ अब्ज म्हणजे दरडोई सुमारे १४ हजार डॉलर होतात. बत्तीस वर्षांवर पसरल्यास दिवसाकाठी सव्वा डॉलरही होत नाहीत. चौदा हजारांनी छाती दडपावी आणि सव्वा डॉलराने ती हलकी व्हावी, ह्यात गणित एकच आहे. पालटते ते नाम. मराठी वाचकास ह्याचा अनुभव वेगळ्या रीतीने येतो. ‘अब्ज’ हा शब्द आपल्या व्यवहारात क्वचितच येत असल्याने तो वाचताना मन स्वस्थ राहते. तीच राशी ‘छत्तीस हजार आठशे कोटी’ म्हणून वाचली की ती कोठेतरी लागते. कोटी हा शब्द घराच्या व जमिनीच्या भावात भेटलेला असतो.

विरोधकांनी आकड्याचा उपयोग केला तो तुलनेसाठी : इतक्या पैशांत किती रुग्णालये, किती घरे, किती शिक्षक. ही तुलना न्याय्य आहे, आणि घरभाड्याने गांजलेल्या देशात ती परिणामकारक होणे साहजिक होते. तथापि तिच्यातील एक दोष दुर्लक्षिता येत नाही. पाणबुडी महाग आहे म्हणून नको असे म्हणणाऱ्याने, ती निम्म्या किमतीत मिळाली तर आपला आक्षेप निम्मा होईल हे नकळत कबूल केलेले असते. ज्यांचा आक्षेप युद्धाला होता त्यांनी तो खर्चाच्या भाषेत मांडला, कारण त्या भाषेत ऐकणारे अधिक होते. ऐकणारे मिळाले, पण आक्षेप पालटला.

पैशाविना उसळलेल्या लोकमताचे एक उदाहरण ह्याच प्रकरणाच्या पूर्वार्धात सापडते, आणि त्याचा संबंध मुंबईशी आहे. माझगाव गोदीत ज्या सहा ‘स्कॉर्पिन’ पाणबुड्या बांधण्यात आल्या त्या ह्याच फ्रेंच कंपनीच्या आराखड्याच्या. त्यांच्याविषयीची २२,४०० पाने बाहेर फुटल्याचे वृत्त २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘दि ऑस्ट्रेलियन’ ह्या दैनिकाने दिले. एकच कागदांचा गठ्ठा, परंतु तो दोन देशांत दोन रीतींनी वाचला गेला. भारतात प्रश्न होता की आपले काय उघडे पडले. ऑस्ट्रेलियात, ज्या कंपनीला भारताचे गुपित राखता आले नाही ती आपले राखील काय. दोन्ही ठिकाणी विषय नौका नसून विश्वास हा होता, आणि दोन्ही ठिकाणी प्रश्नाला कर्ता होता. त्यांपैकी ‘खांदेरी’ २०१९ मध्ये मुंबईत आरमारात दाखल झाली. अलिबागसमोरच्या शिवकालीन जलदुर्गाचे नाव धारण करणाऱ्या नौकेविषयी महाराष्ट्रीय मनात जो भाव उठतो तो अंदाजपत्रकातून येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वादातील पाणबुड्यांना नाव नव्हते. होता तो तीन राष्ट्रांच्या आद्याक्षरांचा एक जोडशब्द. ज्या वस्तूला नाव नाही आणि जी अद्याप अस्तित्वात नाही, तिची ओळख किमतीनेच व्हावी हे ओघानेच आले.

आता आकड्याच्या मुळाशी जे भय होते त्याकडे वळावयास हवे. इंग्रजीतील ‘थ्रेट’ ह्या शब्दास मराठीत दोन प्रतिशब्द आहेत : धोका आणि धमकी. धोका हा परिस्थितीत असतो. नदीला पूर येण्याचा धोका असतो, त्यासाठी नदीला हेतू असावा लागत नाही. धमकी ही कोणीतरी कोणाला तरी दिलेली असते. ती उक्ती आहे, आणि तिला देणारा, घेणारा व अट असे तिन्ही लागतात. इंग्रजी शब्द हे दोन्ही अर्थ पोटात घेतो व त्यांच्यातील सीमा पुसून टाकतो. ऑस्ट्रेलियातील लोकमत गेल्या काही वर्षांत ज्या रीतीने सरकले ते समजून घेण्यास हा भेद उपयोगी पडतो. २०२० मध्ये करोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी अशी मागणी ऑस्ट्रेलियाने केल्यानंतर चीनने ऑस्ट्रेलियन बार्ली, मद्य इत्यादी मालावर जबर जकाती बसविल्या. ही धमकी होती, आणि तिचा अर्थ सर्वांना कळला. चीनचे आरमार त्याच काळात झपाट्याने वाढत होते, हा धोका होता, म्हणजे एक शक्यता. एकाच शब्दाने दोन्हींचा निर्देश होत राहिल्याने व्यापारातील धमकीची चीड समुद्रावरील धोक्याच्या खात्यात जमा झाली.

लोवी इन्स्टिट्यूटच्या वार्षिक चाचणीत, पुढील वीस वर्षांत चीन हा ऑस्ट्रेलियाला लष्करी ‘थ्रेट’ होईल असे मानणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ४५ टक्के होते. २०२२ मध्ये ते ७५ टक्के झाले. चार वर्षांत तीस टक्क्यांची ही उडी लहान नव्हे. परंतु प्रतिसाद देणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात चढाई होती, किती जणांच्या मनात व्यापारकोंडी, आणि किती जणांच्या मनात तैवानपाशी इतरांचे युद्ध होऊन त्यात आपण ओढले जाण्याची भीती, हे त्या शब्दातून निघत नाही. ह्या तीन भीतींवर उपाय तीन निरनिराळे आहेत, आणि पाणबुडी हा फार तर त्यांपैकी एकीवरचा.

मार्च २०२३ मध्ये, सान डिएगोच्या घोषणेच्या आठवडाभर आधी, ‘द सिडनी मॉर्निंग हेराल्ड’ व मेलबर्नचे ‘द एज’ ह्या दैनिकांनी ‘रेड अलर्ट’ ह्या मथळ्याखाली एक लेखमाला छापली. पाच तज्ज्ञांच्या मंडळाच्या आधारे तीत असे बजावण्यात आले की तीन वर्षांच्या आत चीनशी युद्ध जुंपण्याच्या शक्यतेस देशाने सिद्ध असावे. पहिल्या पानावर चीनच्या लाल नकाशातून विमाने बाहेर पडत असल्याचे चित्र होते. ह्या लेखमालेवर भडकपणाचा आरोप झाला आणि तो निराधार नव्हता. तथापि तिचा एक गुण मान्य करावा लागतो : सरकारी निवेदने ज्या शत्रूचे नाव घेण्याचे टाळीत होती त्याचे नाव तिने घेतले आणि धोक्याला तारीख दिली. त्यामुळेच एक विसंगती उघड्यावर आली. युद्ध तीन वर्षांत आणि पहिली पाणबुडी पुढील दशकात! एकाच आठवड्यात वाचकाच्या हाती पडलेल्या ह्या दोन तारखा एकमेकींस कोठेच भेटत नाहीत. भयाने खर्चाचे समर्थन केले खरे, परंतु ज्या भयाने केले त्यावर हा खर्च लागू पडत नव्हता. १९४२ च्या ३१ मेच्या रात्री तीन जपानी बुटक्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या आणि ‘कुटाबुल’ ह्या नौकेवरील एकवीस नाविक मृत्युमुखी पडले. ती आठवण ज्या शहरात अद्याप सांगितली जाते तेथे पाण्याखालून येणाऱ्या शत्रूची कल्पना करण्यास तारखांचा मेळ लागत नाही, हेही खरे.

ह्या वादातील सर्वांत मोलाची साक्ष मात्र लोवीच्या २०२२ च्याच चाचणीत पडून आहे. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या घेण्यास ७० टक्के लोकांनी अनुकूलता दर्शविली (२०२३ मध्ये ६७ व २०२४ मध्ये ६५ टक्के). आणि त्याच वर्षी, अमेरिका व चीन ह्यांच्यात लष्करी संघर्ष झाल्यास ऑस्ट्रेलियाने तटस्थ राहावे असे ५१ टक्के लोकांनी सांगितले. म्हणजे पाणबुड्या हव्या म्हणणाऱ्यांपैकी निदान काही जणांना, त्या ज्या युद्धासाठी प्रामुख्याने कल्पिलेल्या आहेत असे त्यांचे पुरस्कर्तेही मानतात, त्या युद्धात भाग घ्यावयाचा नव्हता. ह्यावरून लोकांना विचार करता येत नाही असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. घराला कुलूप लावणारा मनुष्य शेजाऱ्याच्या भांडणात पडण्यास राजी असतोच असे नाही. लोकांनी पाणबुडीला कुलूप समजून होकार दिला. ती कुलूप आहे की लांब पल्ल्याचे शस्त्र, हे सांगणारे वाक्य प्रश्नात नव्हते. हजारो मैल दूर, दक्षिण चिनी समुद्रापर्यंत जाऊन आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहता यावे हाच अणुशक्तीचा खरा लाभ होय. किनाऱ्याच्या राखणीस डिझेल-विद्युत पाणबुडीही पुष्कळ उपयोगी असते.

हा अर्थ झाकण्याचे काम ज्या शब्दाने केले तो ‘डिटरन्स’. सरकारी निवेदनांत हे नाम बहुधा एकटे उभे राहते. ज्या क्रियापदापासून ते आले त्याला कर्म लागते. कोणाला तरी कशापासून तरी परावृत्त करावयाचे असते. नाम होताच दोन्ही जागा मोकळ्या होतात व बंधनही सुटते. मराठीत ह्यासाठी ‘प्रतिरोध’ किंवा ‘प्रतिरोधक क्षमता’ असे शब्द योजले जातात, आणि त्यांना वैद्यकाचा वास येतो. जणू देशाला लस टोचली जात आहे आणि पलीकडचे राष्ट्र हा एक रोगजंतू आहे. ह्याहून जुना व खरा मराठी शब्द ‘वचक’. पाटलाचा गावावर वचक असतो, मास्तरांचा वर्गावर. हा शब्द ‘कोणाचा’ आणि ‘कोणावर’ हे दोन प्रश्न सोडवून घेतल्याशिवाय वाक्यात बसतच नाही. ‘ह्या पाणबुड्यांमुळे वचक वाढेल’ असे लिहून पाहावे. वाचणारा लगेच विचारील, ऑस्ट्रेलियाचा की अमेरिकेचा? सरकारी भाषेने ‘सार्वभौम’ हे विशेषण इतक्या आग्रहाने का वापरले त्याचे उत्तर ह्या प्रश्नात आहे.

अणुशक्तीविषयक विशेषणांची कथा थोडी निराळी. ऑस्ट्रेलियात वीजनिर्मितीची एकही अणुभट्टी नाही. सिडनीजवळ लुकास हाइट्स येथे संशोधन व वैद्यकीय उपयोगासाठी एक आहे. १९५२ ते १९५७ ह्या काळात माँटे बेलो, एमू फील्ड व मारालिंगा येथे ब्रिटनने केलेल्या अणुस्फोटांची, आणि त्यांत आदिवासींच्या भूमीची झालेल्या हानीची, स्मृती त्या देशात जिवंत आहे. १९८५ च्या रारोटोंगा कराराने दक्षिण पॅसिफिक अण्वस्त्रमुक्त ठरविला गेला. न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न ह्यांनी घोषणेच्या दिवशीच आपल्या जलसीमेत ह्या नौकांना प्रवेश मिळणार नाही असे सांगितले. त्यामुळे सरकारने ‘अणुशक्तीवर चालणाऱ्या, पारंपरिक अस्त्रे वाहणाऱ्या’ ही विशेषणांची जोडी कधी फुटू दिली नाही. ग्रीन पक्षाचे तेव्हाचे नेते ॲडम बँड ह्यांनी ‘तरंगती चेर्नोबिल’ असे रूपक योजले. ते गाजले, परंतु त्याने विरोधाचे हितच केले असे म्हणता येत नाही. अपघाताच्या भीतीस सरकारकडे नाविक अणुभट्ट्यांच्या दीर्घ सुरक्षित इतिहासाचे तयार उत्तर होते. जळालेल्या इंधनाची कायमची जबाबदारी ऑस्ट्रेलियाने स्वीकारली आहे, हा अधिक अडचणीचा मुद्दा त्या रूपकामागे झाकला गेला. मराठी वृत्तपत्रांतील ‘आण्विक पाणबुडी’ हा शब्द तर याहून सैल आहे. रशियाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्र’ अणुशक्तीवर चालत होती पण अण्वस्त्रे वाहत नव्हती, ‘अरिहंत’ दोन्ही करते, आणि दोघींना आपण एकच विशेषण लावतो. ‘अणुचलित’ आणि ‘अण्वस्त्रधारी’ हे शब्द वेगळे ठेवण्याचा कंटाळा करू नये.

विरोधाचा सर्वांत मोठा आवाज माजी पंतप्रधान पॉल कीटिंग ह्यांचा. १५ मार्च २०२३ रोजी नॅशनल प्रेस क्लबसमोर बोलताना त्यांनी, बिली ह्यूज ह्यांच्या सक्तीच्या लष्करभरतीच्या प्रयत्नानंतर मजूर सरकारने घेतलेला हा सर्वांत वाईट आंतरराष्ट्रीय निर्णय होय, असा अभिप्राय दिला. भाषणाचे सामर्थ्य वाक्यरचनेत होते. त्यात कर्ते होते : कोणी ठरविले, कोणाच्या सल्ल्याने, कोणाच्या नकाशावर. चीन ऑस्ट्रेलियावर चढाई करण्यासाठी कोणत्या जहाजांतून येणार हा साधा भौतिक प्रश्न त्यांनी विचारला, आणि धोका व धमकी ह्यांच्यातील गफलत त्या एका प्रश्नाने उघडी पडली. परंतु प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारांचा त्यांनी जो पाणउतारा केला त्याने दुसऱ्या दिवशीचे मथळे व्यापले. शिवाय चिनी राज्यसत्तेच्या वर्तनाविषयी त्यांनी दाखविलेली सौम्यता अनेक अनुकूल श्रोत्यांनाही पटली नाही. ह्यूज ह्यांच्याशी केलेली तुलना मात्र टीकाकारांनी समजली त्याहून अधिक अन्वर्थक आहे. १९१६ व १९१७ मध्ये लष्करभरतीचा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो फेटाळला. २०२३ मध्ये तसे विचारणारे केवळ चाचणी घेणारे होते.

ह्या सर्व गदारोळात जेथे लोकमताची भाषा आकड्यांपासून सुटली असे एक ठिकाण म्हणजे सिडनीच्या दक्षिणेस असलेले पोर्ट केम्ब्ला. पूर्व किनाऱ्यावरील पाणबुडी-तळासाठी मार्च २०२२ मध्ये ज्या तीन बंदरांची नावे पुढे करण्यात आली त्यांत ब्रिस्बेन व न्यूकॅसल ह्यांच्यासह हे होते. मे २०२३ मध्ये तेथील कामगार संघटनांनी आपली मे-दिनाची मिरवणूक ह्याच प्रश्नावर काढली. हे बंदर निराळे का बोलले त्याचे कारण त्याच्या इतिहासात आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘डॅलफ्रॅम’ ह्या जहाजावर जपानसाठी कच्चे लोखंड चढविण्यास येथील गोदी-कामगारांनी नकार दिला. चीनवर तुटून पडलेल्या सैन्यास आपल्या हातचे लोखंड मिळू नये, आणि तेच उद्या बॉम्ब होऊन आपल्यावर पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. संप मोडून काढू पाहणारे तेव्हाचे महान्यायवादी रॉबर्ट मेंझीस ह्यांना त्यावरून चिकटलेले ‘पिग आयर्न बॉब’ हे नाव जन्मभर सुटले नाही.

ही स्मृती दोन्ही बाजूंना उपयोगी पडते, आणि म्हणून ती खरी आहे. १९३८ च्या कामगारांनी सरकारच्या आधी धोका ओळखला, असे समर्थक म्हणू शकतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिस्बेन येथील मजूर पक्षाच्या परिषदेत तुष्टीकरणाचा दाखला देऊनच विरोधाला उत्तर देण्यात आले, आणि परिषदेने अखेर ऑकसला मान्यता दिली. विरोधक म्हणतात की त्या कामगारांचा खरा वारसा धोका ओळखण्यात नसून, परराष्ट्रनीतीचा विचार केवळ मंत्र्यांनी करावयाचा नसतो ह्या आग्रहात आहे. ह्या दोन वाचनांतील कोणते अधिक ग्राह्य हे येथे ठरवावयाचे नाही. परंतु येथील वाद तीनशे अडुसष्टावर अडला नाही. आमच्या बंदरात काय येणार, कोणाच्या हुकुमाने जाणार, आणि प्रतिकार झाला तर तो कोठे येऊन पडणार, अशी त्याची वाक्ये होती. प्रत्येकात स्थळ आहे, आणि प्रत्येकात कर्ता.

‘कोणाच्या हुकुमाने’ ह्या प्रश्नाला अधिकृत उत्तर मिळालेच नाही असे नाही. व्हर्जिनिया पाणबुड्यांच्या मोबदल्यात तैवानविषयक युद्धात साथ देण्याचे कोणतेही वचन दिलेले नाही, असे संरक्षणमंत्री रिचर्ड मार्ल्स ह्यांनी मार्च २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच महिन्यात संसदेच्या एका समितीने, युद्धात उतरण्याचा निर्णय पूर्वीप्रमाणे कार्यकारी मंडळाकडेच राहावा असा अहवाल दिला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यानुसार, पाणबुडी हस्तांतरित करण्यापूर्वी त्यामुळे अमेरिकेचे स्वतःचे समुद्रांतर्गत बळ उणे होणार नाही असे राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला प्रमाणित करून द्यावयाचे आहे. जुलै २०२५ मध्ये, तैवानवरून युद्ध झाल्यास ऑस्ट्रेलिया काय करील ह्याची स्पष्टता अमेरिकेचा संरक्षण विभाग मागत असल्याचे वृत्त आले, तेव्हा मंत्री पॅट कॉनरॉय ह्यांनी उत्तर दिले की तो निर्णय ‘गव्हर्नमेंट ऑफ द डे’ घेईल. ह्या इंग्रजी पदावलीला काळ नाही. ती ऐकताना आजचेच सरकार बोलत आहे असे वाटत राहते. तिचे मराठी ‘त्या वेळचे सरकार’ असे करावे तर ते होऊन गेलेल्या सरकारचे वाचक होते. अर्थ जुळवावयाचा तर ‘तेव्हा जे सरकार असेल ते’ असेच लिहावे लागते, आणि त्यातील ‘असेल’ हे क्रियापद भविष्याचे आहे तितकेच तर्काचेही आहे.